साडेसहा फूट जागा

रावेत,
१२ मे २०२५

इंद्रायणी वन्सं,

शालनचा नमस्कार. सुप्रियाच्या लग्नानंतर आपली गाठ नाही, सव्वा वर्ष होऊन गेलं. मागच्या महिन्यात फोन केला होता, पण तुम्हाला काही ऐकू जाईना आणि मी नुसती ओरडत बसले. शेवटी शेजारीण दार उघडून बघायला आली, काय झालं म्हणून. तेव्हा म्हटलं लिहावं. निदान तुमचं अक्षर तरी बघायला मिळेल.

इथलं बरं आहे. सुजित होसूरला कंपनीत रुळला. सुप्रिया तळेगावला तिच्या घरी सुखी आहे. तुमचे दादा गेल्यावर या फ्लॅटचा ताबा मिळाला, तेव्हापासून इथं मी एकटीच. दोन खोल्यांपैकी एकीत मी झोपते. दुसरीत भोसरीच्या जुन्या घरातलं सामान आणून टाकलं ते टाकलंच. पत्र्याची कोठी, ट्रंका, शिलाई मशीन, ह्यांची हत्यारांची पेटी आणि वर खोकी. दार उघडलं की काहीतरी अंगावर येतं.

आता ती खोली नीट करायची मनात आहे. एका बाईमाणसाला कायमचं राहता येईल अशी. बाई पन्नाशी ओलांडलेली आहे. कोण ते मागाहून सांगते. फर्निचरवाला येऊन गेला. तो म्हणतो ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपाट करू, मध्ये डबल बेड. मी म्हटलं, मग माणूस कुठं उभं राहणार? तर हसला.

खोली दहा बाय नऊ आहे. दार आत उघडतं, तेवढी जागा तिथंच जाते. खिडकी पूर्वेला. तुम्ही दहा बाय दहाच्या खोलीत नऊ वर्षं काढलीत. मी एकदाच आले होते, पण विसरले नाही. गॅस, कॉट, देव, पाण्याची टाकी, सगळं होतं आणि तरी मध्ये चार बायका ऐसपैस बसतील एवढी जमीन मोकळी. ते कसं जमवता ते मला कळवा. मला घरातलं मापाचं कधी कळलंच नाही.

कान दाखवलेत का?

तुमची,
शालन

———

चाकण,
२२ मे २०२५

शालनवहिनींना नमस्कार.

पत्र बघून आधी घाबरले. आता पोस्टमन म्हणजे बँकेचा नाहीतर कोर्टाचा कागद. मग तुमचं नाव दिसलं. आज गुरुवार, कंपनीला सुट्टी, म्हणून निवांत लिहिते.

कान दाखवले. डॉक्टर म्हणाले, प्रेसमशीनच्या शेजारी इतकी वर्षं पॅकिंग केलंत, आता गेलं ते येत नाही. यंत्र दिलंय. समोरासमोर चालतं, फोन कानाला लावला की शिट्टी मारतं.

बाई कोण ते तुम्ही लिहिलं नाही, पण मी ओळखलं. तुमची धाकटी बहीण असणार. तिचे मालक गेल्याचं ऐकलं होतं मी. आणताय ते चांगलं करताय. आपल्या रक्ताच्या माणसाला जागा द्यावीशी वाटते, त्यात गैर काही नाही.

आता खोलीचं. पहिलं म्हणजे सगळं सामान बाहेर काढा. रिकामी खोली बघितल्याशिवाय जागा आहे का नाही ते कुणालाच कळत नाही. ट्रंकांतलं निम्मं तुम्हाला स्वतःलाच नको असेल. खोली धुऊन घ्या आणि एक दिवस तशीच राहू द्या. सकाळी ऊन कुठं पडतं, वारा कुठून येतो ते बघा. कॉट तिथं.

दार काढून सरकतं करा. सुताराला सांगा, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला रूळ बसव. तेवढ्यानं खोलीत एक माणूस जास्त मावेल. डबल बेड नको. तीन फुटी कॉट पुरे, पण पायाला उंच करा. खाली चाकांच्या दोन पेट्या बसल्या पाहिजेत. एकीत अंथरूण-पांघरूण, दुसरीत तिचं जे काय असेल ते. त्या दुसरीला कुलूप लावायची सोय ठेवा. ती लावणार नाही, पण असू द्या.

भिंत वापरायची आणि जमीन सोडायची, एवढंच माझं गणित. पण फळ्या हाताला येतील एवढ्याच उंच. माळा करू नका. पन्नाशीनंतर बाई स्टुलावर चढून पडली की घर अडून बसतं. खिडकीखाली दुमडायची फळी करा, त्यावर चहाही पिता येतो आणि लिहिताही येतं. दिव्याचं बटण झोपल्या जागी हाताला लागलं पाहिजे.

आणि एक. दुसऱ्याच्या घरात राहायला गेलेल्या माणसाला पहिली अडचण येते ती ओल्या टॉवेलची. तो कुठं टाकायचा ते कळत नाही. बाथरूममध्ये टाकला तर त्यांच्या टॉवेलवर पडतो, गॅलरीत टाकला तर मध्ये येतो. मग तो माणूस टॉवेल घडी करून उशाला ठेवतो आणि त्याला कुबट वास मारतो. छबूमावशीकडं मी पाच महिने तेच केलं. तर खिडकीच्या बाहेर तिच्यापुरती एक दोरी बांधा. आणि दोरी दाखवून "ही तुझी" असं तोंडानं सांगा.

मला हे लिहायला बरं वाटलं. कुणी विचारत नाही हो आता काही.

तुमची,
इंद्रायणी

———

रावेत,
५ जून २०२५

वन्सं,

तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं. सामान बाहेर काढायला दोन दिवस लागले. खंडू म्हणून एक सुतार इथं मिळाला, त्यानं तुमचं पत्र वाचायला मागितलं आणि म्हणाला, "काकू, ह्या बाई कुठल्या इंटिरियरवाल्या? मला त्यांच्याकडं काम द्या." दार सरकतं झालं. कॉट उंच झाली. खिडकीखाली फळी बसली. दोरीसुद्धा बांधली, निळी.

बहीण नाही. माझी बहीण तिच्या लेकाकडं आहे, चांगली आहे.

खोली तुमच्यासाठी आहे.

मी आधी लिहिलं असतं तर तुम्ही एका ओळीत नको म्हणाला असतात, म्हणून लपवलं. रागवा पाहिजे तर. पण आता चाकणला एकटीनं किती दिवस काढणार? तुमच्या कंपनीची बस रावेतच्या चौकातून जाते, मी ड्रायव्हरला थांबवून विचारलं. सकाळी सहाला. नोकरी सोडायची गरज नाही. मला सकाळी उठायची सवय आहे, डबा करून देईन. कॉट पूर्वेच्या खिडकीला लावली आहे. काल मी स्वतः झोपून पाहिलं, बटण हाताला लागतं.

तुम्ही कधी येता ते कळवा. सुजितलाही सांगितलंय. तो म्हणाला, "आत्याला आधीच आणायला पाहिजे होतं."

शालन

———

चाकण,
१९ जून २०२५

वहिनी,

तुमचं पत्र वाचून मी दार लावून घेतलं. रडायला येतं तेव्हा मला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळं शेजारी किती ऐकतात ते कळत नाही.

नाही म्हणणार होते. चार वेळा लिहून फाडलं. मग वाटलं, कुणासाठी नाही म्हणायचं? ज्याच्यावर राग होता तो तर गेला.

आज सांगते. दादावर मी नऊ वर्षं राग धरला. नवऱ्यानं दुसरी बाई आणून मला बाहेर काढलं, त्याचं मला तेवढं लागलं नाही. तो परका होता. पण तुम्ही छबूमावशीकडं येऊन "दादा म्हणतात जागा न्हाई" म्हणालात, तेव्हा माझ्यातलं काहीतरी बसलं ते उठलंच नाही. गावातलं घर चुलत्यांकडं गेलेलं, आई गेलेली, उरला होता तो एक. मला पाठीवर घेऊन ओढा ओलांडणारा माझा दादा. त्याला मी आडवी पडेन एवढी जागा सापडली नाही. तुमचा राग नव्हता. तुम्ही बिचाऱ्या निरोप्या. उलट त्या दिवशी तुमचा चेहरा इतका उतरला होता की मलाच वाईट वाटलं.

त्यानंतर मी राखी पाठवली नाही. तो दवाखान्यात होता तेव्हा आले, पण लांब उभी राहिले. माती सावडून झाली तशी निघाले, दहाव्यालाही थांबले नाही. लोक काय म्हणाले असतील ते म्हणू देत.

आता तुम्ही हे केलंत. त्यानं नाही दिलं ते तुम्ही दिलंत. काल देवापुढं दिवा लावून मी दादाला माफ केलं. तुमच्यामुळं झालं ते. नाहीतर हा राग माझ्याबरोबरच जळाला असता.

खोलीमालक सोपानराव यांना सांगून टाकलं, जूनअखेर खोली सोडते. त्यांनी लगेच चार पोरं बघितलीसुद्धा, लातूरकडची. देव आणि कपडे एवढंच आणते. भांडी आणू का नको?

तुमची इंदू

———

रावेत,
२४ जून २०२५

वन्सं,

भांडी आणू नका असं लिहायला बसले होते. तेवढंच लिहून पाकीट चिकटवायचं, असं दोनदा ठरवलं. जमत नाही.

दादाला माफ करू नका. त्यांनी काही केलंच नव्हतं.

आत्याबाई, तुमच्या आई, वैशाखात गेल्या. तुम्ही कार्तिकात मावशींकडं आलात. ह्यांना कळलं त्या दिवसापासून तीन दिवस कामावरून आले की टेप घेऊन घर मापत होते. भोसरीच्या त्या दोन खोल्या, त्यात आम्ही चौघं, तरी मापत होते. मग ग्राफच्या कागदावर पेन्सिलनं सगळं काढलं, टूलरूममध्ये काढायचे तसं. सुजितचं टेबल खिडकीखाली सरकवलं. टीव्ही भिंतीवर. कपाट स्वयंपाकघराच्या दाराआड. आणि आत्याबाईंची कॉट होती त्या भिंतीला एक चौकोन, साडेसहा फूट बाय तीन. वर फळी, कडेनं पडदा. चौकोनात लिहिलं "इंदू". मला म्हणाले, "तू जा आन् तिला घेऊन ये. बाईनं बाईला बोलावलं म्हंजी तिला संकोच न्हाई वाटायचा."

मी आले. आणि मावशींच्या ओट्यावर बसून तुम्हाला म्हणाले, "दादा म्हणतात जागा न्हाई, पोरांची शाळेची वर्षं हायेत." तुम्ही फक्त "बरं" म्हणालात. घरी येऊन ह्यांना सांगितलं, "न्हाई म्हणाल्या. तेवढ्याशा जागेत न्हाई जमायचं म्हणाल्या."

ह्यांनी कागद घडी करून ठेवून दिला. तुम्ही सामान बाहेर काढा म्हणालात आणि तो ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत तळाशी निघाला. मागच्या पत्रात हे लपवलं. या पत्राबरोबर तो पाठवते आहे.

का केलं ते तुम्ही विचारणार. सहा वर्षं मी आत्याबाईंच्या कॉटखाली झोपले. त्यांचं अंथरूण, त्यांचं हागणंमुतणं, त्यांची दर तासाची हाक. हे मी उपकार म्हणून लिहीत नाही, केलं ते मनापासून केलं. पण त्या गेल्यावर ती भिंत मोकळी झाली. पोरं शाळेत, हे कामावर, आणि दुपारी मी तिथं चटई टाकून पाय ताणून पडायची. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. कुणी हाक मारणार नाही अशी दुपार. तेवढी सात महिने मिळाली होती आणि मला ती सोडवेना. दुसरं काही कारण नाही. तुमचा राग नव्हता, हेवा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पुढं दरवर्षी वाटायचं, या दिवाळीला सांगू. हे गेले तेव्हा तुम्ही लांब उभ्या होतात. मी बघत होते, आणि तेव्हाही गप्प राहिले.

खोली तुमचीच आहे. आलात तर दारात उभी राहून काय बोलायचं ते बोला.

शालन

———

रावेत,
३१ जुलै २०२५

वन्सं,

महिना झाला, उत्तर नाही. तुम्ही एक तारखेला आला नाहीत तेव्हाच समजले, तरी रोज खाली जाऊन पत्रांची पेटी बघते.

काल चाकणला येऊन गेले. तुमच्या खोलीत ती चार पोरं होती, दोघं झोपलेले, दोघं कामावर जायच्या तयारीत. तुमच्या फळ्या तशाच होत्या. सोपानराव म्हणाले, "बाई गेल्या. कुठं ते सांगू नका म्हणाल्यात. पत्र असलं तर ठेवा, मी देतो." म्हणजे तुम्ही जवळच आहात.

माझ्यामुळं दुसऱ्यांदा तुमची जागा गेली. पहिल्यांदा खोटं बोलून, आता खरं बोलून.

काही लिहू नका हवं तर. नुसतं रिकामं पाकीट पाठवा. म्हणजे तुम्ही आहात एवढं कळेल.

शालन

———

चाकण,
२८ ऑगस्ट २०२५

शालनवहिनी,

काल गणपती बसले. आज सुट्टी. लिहिते.

मी त्याच गल्लीच्या टोकाला आहे. आठ बाय नऊ, वर पत्रा. खिडकी नाही, झरोका आहे. दोन दिवसांत बसवली. मला त्याचं काही नाही.

दादाचा कागद मी महिनाभर उघडला नाही. तुमचं पत्र वाचलं आणि कागद तसाच देवाखाली सारला. मग एका गुरुवारी उघडला. पेन्सिल पुसट झाली आहे, पण आकडे दिसतात. ६'-६". ते बघितलं आणि मी त्या आकड्यावर बोट ठेवून बसून राहिले. का ते सांगते, कारण हे तुम्हालाही माहीत नाही.

दादा एकदा माझ्या खोलीवर आला होता. तुम्हाला बोलला नसेल. मी चाकणला येऊन दीड-दोन वर्षं झाली होती. आला, बसला, घर बघितलं. मी चहा ठेवला. तो उठला आणि खिशातून टेप काढून भिंत मापायला लागला. म्हणाला, "इथं फळी बसंल गं." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "इथली मापं कशाला काढतूस? तुझ्या घरात काढून झाली न्हवं?"

त्याची पाठ होती माझ्याकडं. टेप तसाच धरून तो काहीतरी बोलला. शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडर चालू होता आणि माझे कान नुकतेच जायला लागले होते. मला "साडेसहा" एवढं कळलं, आणि शेवटचं "निघाली न्हाई". वाटलं, साडेसहाची बस अजून निघाली नाही म्हणतोय. म्हणजे चहा प्यायच्या आधीच ह्याला जायची घाई. मी म्हणाले, "मग जा की."

तो टेप गुंडाळून गेला. चहा गॅसवर उतू गेला.

आता कळलं तो काय म्हणाला ते. "साडेसहा फुटाच्या वर जागा निघाली न्हाई." तो माझी माफी मागत होता, वहिनी. जागा कमी पडली म्हणून. त्याला वाटत होतं मी ती नाकारली, आणि तरी फळी बसवायला आला होता. मी त्याला "जा" म्हणाले.

तेव्हा सगळं तुमच्या एकट्यावर टाकता येत नाही, हा त्रास आहे. टाकता आलं असतं तर मोकळी झाले असते. तुमचं खोटं फार तर वर्षभर टिकलं असतं. पुढचं मी माझ्या हातानं टिकवलं. एकदा समोर उभं राहून "दादा, तू असं का म्हणालास" एवढं विचारायचं होतं. मी विचारलं नाही, त्यानं विचारलं नाही. आमच्या घरात माणसं अशीच. ओझं उचलतील, पण तोंड उघडणार नाहीत.

माझ्या आईचं तुम्ही सहा वर्षं केलंत. मी वर्षातून दोनदा यायची, तिच्या पायाशी बसून रडायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. तुम्ही कुठं झोपता हे माझ्या कधी डोक्यातही आलं नाही. तुम्हाला एक रिकामी दुपार पाहिजे होती, हे मला समजतं. समजतं म्हणून मिटत नाही. माफ केलं असं लिहायला घेते आणि हात थांबतो. उगीच लिहिणार नाही.

ती खोली बंद ठेवू नका. सरकतं दार वापरात नसलं की रुळात माती बसते आणि मग ते हलत नाही. दुपारी तिथं पडत जा. पूर्वेची खिडकी आहे, दुपारी गार असेल.

गणपती उठले की पितरांचा पंधरवडा लागतो. दादाच्या तिथीला मी येणार आहे, म्हाळ घालायला. दहाव्याला थांबले नाही, तर एवढं तरी माझ्या हातून होऊ दे. स्वयंपाक मी करीन. अळू आणि गवार तुम्ही आणून ठेवा, खीर मी आल्यावर घालते. घास ठेवायला गच्चीवर आपण दोघी जाऊ. सुजितला रजा मिळाली तर बोलवा, त्यानं पान ठेवलं पाहिजे.

सकाळच्या पहिल्या बसनं येते आणि संध्याकाळी परत फिरते. राहायला थांबा म्हणू नका. म्हणालात तर मी थांबेन, आणि मला अजून थांबायचं नाही.

इंद्रायणी